झाकली मूठ

पत्राचा गोषवारा (ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत):

पत्रलेखिका 41 वर्षांच्या आहेत. शाळा-कॉलेजात कायम पहिल्या-दुसऱ्या क्रमांकावर. सध्या एका कंपनीच्या हिशेब विभागात काम करतात आणि महिनाअखेरचे हिशेब आजवर एकदाही उशिरा दिलेले नाहीत. बढतीसाठी एक परीक्षा द्यावी लागते. गेली तीन वर्षं त्या तिचा फॉर्म भरतात आणि ‘अभ्यास पुरा झाला नाही’ म्हणून ऐनवेळी बसत नाहीत. आठ महिन्यांपूर्वी एका तपासणीत त्यांचा रक्तदाब 148/94 निघाला. डॉक्टरांनी पुन्हा मोजायला बोलावलं होतं. त्या गेल्या नाहीत. ‘आधी वजन उतरवते, मगच जाते, नाहीतर बोलणी खावी लागतील,’ असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी रोज 10,000 पावलं चालायचं ठरवलं. पाच वेळा सुरुवात झाली आणि 19, 14, 12, 9 आणि 7 दिवसांनी खंड पडला. एक दिवस चुकला की तो महिना सोडून द्यायचा आणि पुढच्या पहिल्या तारखेपासून नव्याने सुरू करायचं, असा त्यांचा नेम आहे. मैत्रीण म्हणते, अपेक्षा कमी कर. भाऊ म्हणतो, तुला शिस्तच नाही. त्या लिहितात, ‘मी आरंभशूर आहे. स्वतःला सतत रागावते म्हणून निदान एवढं तरी होतं. ते सोडलं तर काहीच होणार नाही. माझ्या अपेक्षा जास्त आहेत की माझी लायकी कमी आहे, एवढंच मला सांगा.’

प्रिय मैत्रीण,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्या दोन वेळा माझं लक्ष पावलांवर आणि परीक्षेवर होतं. तिसऱ्यांदा रक्तदाबाच्या ओळीपाशी थांबले आणि तिथून पुढे जाववेना. म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करते. हे वाचून झालं की डॉक्टरांची वेळ घ्या. वजन आज आहे तेवढंच असू दे.

एका आकड्यावरून उच्च रक्तदाबाचं निदान होत नाही, म्हणूनच तुम्हाला पुन्हा बोलावलं होतं. धावपळ, काळजी, तपासणीची धास्ती यांनीही आकडा वर जातो. पण तो खरोखरच चढा राहत असेल, तर बहुतेकांना काहीच जाणवत नाही. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही आणि आत हृदयावर, मूत्रपिंडांवर, मेंदूच्या रक्तवाहिन्यांवर ताण पडत राहतो. त्यामुळे ‘मला तसं बरं वाटतंय’ हा इथे पुरावा धरता येत नाही. (मध्येच कधी छातीत दुखलं, दम लागला, बोलणं अडखळलं किंवा शरीराची एक बाजू लुळी वाटली, तर वेळ वगैरे न ठरवता थेट रुग्णालय गाठायचं.) राहिली बोलण्यांची भीती. डॉक्टर बोलले तर बोलतील. ते पाच मिनिटांत संपेल. आठ महिने न मोजलेला रक्तदाब मात्र पाच मिनिटांत संपणारा विषय नाही.

आता तुमचा प्रश्न. अपेक्षा जास्त की लायकी कमी? या प्रश्नात एक गोष्ट तुम्ही गृहीत धरली आहे: तुमची मोजदाद होऊन गेली आहे, आणि आता फक्त निकाल लावायचा बाकी आहे. मला पत्रात ती मोजदाद कुठेच दिसली नाही. अभ्यास पुरा होईपर्यंत परीक्षा नाही. वजन उतरेपर्यंत रक्तदाब नाही. दोन्हीकडे तुम्ही एकच गोष्ट केली आहे. जिथे खरा आकडा समोर आला असता, ते दार तुम्ही बंद ठेवलंत, आणि त्या दारावर ‘माझे निकष उंच आहेत’ अशी पाटी लावलीत.

आपल्याकडे म्हण आहे, झाकली मूठ सव्वा लाखाची. तुमची मूठ तीन वर्षं झाकलेली आहे. परीक्षेला बसलाच नाहीत, तर नापासही झाला नाहीत. शाळेतली ती पहिल्या नंबरची मुलगी अजून शाबूत आहे, फक्त तिला ‘पुरेसा वेळ मिळाला नाही’ एवढंच. हे मी दोष म्हणून सांगत नाहीये. एडवर्ड जोन्स आणि स्टीव्हन बर्ग्लास या मानसशास्त्रज्ञांनी 1978 मध्ये या वागण्याविषयी लिहिलं होतं. अपयश आलंच तर ते आपल्या कुवतीच्या माथी लागू नये, म्हणून माणूस आधीच स्वतःच्या वाटेत अडथळा ठेवतो. तो हे समजून-उमजून करत नाही. लहानपणापासून ज्यांची ओळखच ‘हुशार’ अशी झालेली असते, त्यांना ही सवय लागणं मला फार साहजिक वाटतं. त्यांच्यापाशी गमवायला काहीतरी असतं. म्हणूनच तुमच्या उंच निकषांबद्दल माझी तक्रार वेगळी आहे. त्यांचा तुम्ही मोजण्यासाठी उपयोगच करत नाही. त्यांच्या आड तुम्ही लपता आहात.

मैत्रिणीचा सल्ला मात्र मी झटकून टाकणार नाही. विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1890 मध्ये स्वाभिमानाचं एक गणित मांडलं होतं. वर यश, खाली आपण स्वतःकडून धरलेली अपेक्षा, आणि भागाकार म्हणजे स्वतःबद्दल वाटणारा आदर. हिशेबाच्या माणसाला हे लगेच कळेल: भागाकार वाढवायचे दोन मार्ग आहेत, अंश वाढवा किंवा छेद कमी करा. जेम्सने स्वतःचंच उदाहरण दिलं होतं. मानसशास्त्रात कुणी आपल्यापेक्षा जास्त जाणता निघाला तर तो खजील व्हायचा, पण ग्रीक भाषेतल्या घोर अज्ञानाचं त्याला काहीच वाटत नसे. ग्रीक पंडित होण्याची अपेक्षा त्याने स्वतःकडून धरलीच नव्हती. याचा अर्थ सगळ्याच अपेक्षा कमी करा असा मी काढत नाही. कुठली अपेक्षा आपली आणि कुठली कुठून तरी येऊन चिकटलेली, हे एकेक तपासावं लागतं.

तुमच्या 10,000 पावलांचंच बघा. हा आकडा तुम्हाला डॉक्टरांनी दिला नव्हता. 1960च्या दशकात जपानमध्ये पावलं मोजण्याचं एक यंत्र बाजारात आलं. त्याचं नाव होतं ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. आकडा गोल, लक्षात राहणारा आणि जाहिरातीला सोयीचा होता. तिथून तो जगभर पसरला. आय-मिन ली आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये 16,741 वयस्क स्त्रियांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. सरासरी वय 72. दिवसाला सुमारे 2,700 पावलं चालणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे 4,400 चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी आढळलं, आणि 7,500च्या आसपास पुढचा फायदा जवळपास थांबला. त्या स्त्रिया तुमच्याहून वयाने खूप मोठ्या होत्या, आणि अशा पाहणीतून कार्यकारण सिद्ध होत नाही, म्हणून तेच आकडे तुम्ही घ्यावेत असं मी म्हणणार नाही. पण 9,000 पावलं चाललेला दिवस ‘चुकला’ म्हणून खोडायला काहीही आधार नाही, एवढं तरी मान्य कराल ना? जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम सुचवते. सलग निदान दहा मिनिटं केला तरच तो धरायचा, अशी जुनी अट होती. 2020च्या सूचनांमध्ये ती अट काढून टाकली आणि थोडीशी हालचालही काहीच न करण्यापेक्षा बरी, असं स्पष्ट म्हटलं. म्हणजे ज्या मोजपट्टीने तुम्ही आठ महिने स्वतःला नालायक ठरवत आलात, ती एका यंत्राच्या नावावरून आलेली आहे.

परीक्षेचं तसं आहे का, हे मला माहीत नाही. ते तुम्हीच सांगू शकाल. मराठीत त्यासाठी दोन क्रियापदं तयारच आहेत. ‘मला ते काम करावंसं वाटतं’ आणि ‘मी ते करायलाच हवं’. टोरी हिगिन्स यांनी 1987 मध्ये मांडलेला सिद्धांत याच फरकावर उभा आहे. आपण जसे आहोत आणि आपल्याला जसं व्हावंसं वाटतं, यांतली दरी बहुधा खिन्न करते. आपण जसे आहोत आणि जसं असायला हवं असं मानतो, यांतली दरी अस्वस्थ, अपराधी, धास्तावलेलं करते. फॉर्म समोर घेऊन बसा आणि यांतलं काय वाटतं ते बघा. बढतीनंतरचं काम डोळ्यासमोर आणल्यावर हुरूप येत असेल, तर परीक्षा तुमची आहे, तिच्यासाठी झटा. फक्त ‘इतक्या हुशार बाईने इथेच राहायचं?’ हा प्रश्न टोचत असेल, तर तो प्रश्न कुणाच्या आवाजात ऐकू येतो ते ओळखा. सध्याच्या कामात समाधानाने राहणं हाही एक प्रामाणिक निर्णय आहे. पण तो निर्णय म्हणून घ्या. दर वर्षी फॉर्म भरून पाठ फिरवणं म्हणजे निर्णय नव्हे.

आता त्या रागावण्याबद्दल, कारण तुमचं पत्र सगळ्यात जास्त तिथेच दुखतं. तुम्हाला खात्री आहे की तुम्ही जे थोडंफार करता ते रागावण्यामुळे होतं. मग एक सांगा. महिनाअखेरचे हिशेब तुम्ही स्वतःला शिव्या देत करता का? मला नाही वाटत. ताळेबंद जुळला नाही की तुम्ही काय करता? कुठे चुकलं ते शोधता, दुरुस्तीची नोंद करता, पुढे जाता. वही फाडून पुढच्या पहिल्या तारखेपासून नवी वही घालत नाही. ‘मला बेरीजच येत नाही’ असं म्हणून खुर्चीत सुन्न बसून राहत नाही. तिथे निकष कडक आहे, अगदी शेवटच्या आकड्यापर्यंत कडक. पण तो कामाला लावलेला आहे, तुमच्या लायकीला लावलेला नाही. म्हणून तिथे तुम्ही एकदाही उशीर केलेला नाही. भावाला हे सांगा. शिस्त तुमच्यात भरपूर आहे.

स्वतःला दटावलं नाही तर आपण सैल पडू, ही भीती फार जणांना असते. ज्युलियाना ब्राइनेस आणि सेरेना चेन यांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांना एक अवघड चाचणी दिली आणि ती बिघडल्यावर काहींना त्या अपयशाकडे समजुतीने, मायेने बघायला सांगितलं. पुढच्या चाचणीच्या अभ्यासाला त्यांनी इतरांपेक्षा जास्त वेळ दिला. कॅनडातल्या 119 विद्यार्थ्यांच्या 2010 सालच्या अभ्यासातही, पहिल्या परीक्षेआधी केलेल्या चालढकलीबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेआधी कमी चालढकल केली. मला यातलं कारण असं दिसतं: ज्या गोष्टीपाशी गेलं की बोलणी खावी लागतात, तिच्यापासून माणूस लांब पळतो. डॉक्टरांच्या बोलण्यांना भिऊन तुम्ही दवाखाना टाळलात. मग स्वतःच्या बोलण्यांना भिऊन अभ्यासाचं टेबल टाळत नसाल कशावरून?

पहिल्या तारखेचा नेमही मोडायला हवा. एक दिवस चुकला की ‘आता गेलाच महिना’ आणि ये रे माझ्या मागल्या. पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी 1975 मध्ये दाखवलं होतं की खाण्यावर सतत बंधन घालणाऱ्यांना आधी मिल्कशेक प्यायला लावला, तर नंतर समोर आलेलं आइस्क्रीम ते आवरतं घेण्याऐवजी जास्त खातात. नियम मोडलाच आहे, मग आता कशाला जपायचा? तुमचे बुडालेले महिने असेच बुडाले. चुकलेला दिवस एकच होता. बाकीचे नियमाने खाल्ले. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी 96 जणांवर केलेल्या आणि 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला मधला आकडा 66 दिवस निघाला, आणि फरक केवढा तर 18 पासून 254 दिवसांपर्यंत. एखादा दिवस सुटल्याने सवय लागण्यात फारसा अडथळा आला नाही. तुमचे पाच खेपांचे दिवस मी मिळवले, 61 होतात. म्हणजे ज्या बाई स्वतःला आरंभशूर म्हणतात, त्या आठ महिन्यांत निदान सहा लाख दहा हजार पावलं चालल्या आहेत. ही नोंद तुमच्या वहीत का नाही?

मग करायचं काय? पहिला आठवडा काहीच सुधारायचं नाही, नुसतं मोजायचं. जेवढी पावलं सहज पडतात तेवढी लिहा, एकही जास्त नको. तुम्हाला हे सगळ्यात कठीण जाईल, कारण न सुधारलेला आकडा बघणं हीच तुमची खरी अडचण आहे. त्यानंतर डॉक्टरांशी बोलून दोन आकडे ठरवा. एक किमान, जो तापाचा दिवस सोडून कुठल्याही दिवशी जमेल, अगदी दहा मिनिटंसुद्धा चालतील. दुसरा लक्ष्याचा, जो अंगात उत्साह असेल त्या दिवशी गाठायचा. किमान झालं की दिवस जमेला. सुटलाच तर ‘सुटला’ लिहून पुढे एका ओळीत कारण, आणि दुसऱ्या दिवशी फक्त किमान. आदल्या दिवसाची भरपाई करायला जाऊ नका. आणि वेळ आधीच बांधून ठेवा. ‘रोज चालेन’ असं मोघम ठरवण्यापेक्षा ‘काम संपवून बाहेर पडले की घरात शिरण्याआधी दहा मिनिटं चालेन’ असं ठरवा. अमुक झालं की तमुक, असं बांधलेलं काम जास्त वेळा पार पडतं, हे पीटर गॉल्विट्झर यांच्या संशोधनातून पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

परीक्षा द्यायची असेल तर तिची जुनी प्रश्नपत्रिका याच आठवड्यात सोडवा, घड्याळ लावून, काहीही न वाचता. किती गुण पडतात ते लिहून ठेवा. कमी पडतील, पडू द्या. ‘सगळा अभ्यास’ हे ध्येय कुणालाच पुरं करता येत नाही, कारण ते कुठे संपतं हेच माहीत नसतं. एडविन लॉक आणि गॅरी लॅथम यांच्या अनेक दशकांच्या कामाचा निष्कर्ष असा आहे की ‘जमेल तेवढं चांगलं करा’ यापेक्षा नेमकं आणि अवघड ध्येय माणसाकडून जास्त काम करवून घेतं. म्हणजे अवघड ध्येयाला माझा विरोध नाहीच. पण ते नेमकं हवं. त्यांनी हेही दाखवलं की काम नवं आणि गुंतागुंतीचं असेल, तेव्हा सुरुवातीला निकालाचं ध्येय ठेवण्यापेक्षा शिकण्याचं ध्येय उपयोगी पडतं. म्हणून आधी ‘या प्रकरणातली चार प्रकारची गणितं मला सोडवता येतील’ असं ठरवा, गुणांचं नंतर बघू. आणि यंदा तयारी कितीही असो, बसा.

आत्मविश्वास आधी आणि काम मग, असा क्रम तुम्ही धरून बसला आहात. अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 मध्ये ‘हे मला जमेल’ या विश्वासाचे चार स्रोत सांगितले: स्वतः पार पाडलेलं काम, आपल्यासारख्या दुसऱ्याला करताना पाहणं, कुणी दिलेला भरवसा आणि आपल्या शरीर-मनाची त्या वेळची अवस्था. सगळ्यात बळकट पहिला. तो घरात बसून, स्वतःला समजावून किंवा दटावून मिळत नाही. त्या जुन्या प्रश्नपत्रिकेतलं एक गणित सुटलं, तर तेवढ्यापुरता मिळतो.

तुमच्यासारखी पत्रं मला बरीच येतात. त्या सगळ्यांच्या वाट्याला वरचं सगळं जसंच्या तसं लागू पडणार नाही. काहींची मोजपट्टी खरोखरच दुसऱ्याच्या हातात असते: वरिष्ठ, जोडीदार, आईवडील. पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट यांनी 1991 मध्ये परिपूर्णतेच्या हट्टाचे तीन प्रकार सांगितले: आपण स्वतः परिपूर्ण असावं असा, इतरांनी परिपूर्ण असावं असा आणि ‘लोकांना माझ्याकडून परिपूर्णताच हवी आहे’ असं वाटणारा. हा तिसरा मनाला फार जाचतो. तुमचं दुखणं त्यातलं असेल, तर पावलं मोजून काही होणार नाही. ज्याच्या हातात मोजपट्टी आहे, त्याच्याशी बोलावं लागेल, एकट्याला जमत नसेल तर कुणाला सोबत घेऊन. आणि कुणालाही दोन आठवडे रोज उदास वाटत असेल, झोप उडाली असेल, आवडीच्या गोष्टींतही मन लागत नसेल, तर त्याला शिस्तीचा अभाव समजू नका. मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. जगणंच नको वाटत असेल तर आजच जा, आणि एकटं राहू नका.

मैत्रीण, लायकीबद्दल तुम्ही विचारलंत आणि मी उत्तर दिलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. ते उत्तर माझ्यापाशी नाही. ज्या तीन जागी ते सापडण्यासारखं आहे, तिथे तुम्ही अजून गेलेला नाहीत. पुढचं पत्र लिहाल तेव्हा त्यात तीन आकडे लिहा: रक्तदाब, पहिल्या आठवड्याची पावलं आणि जुन्या प्रश्नपत्रिकेतले गुण. ‘आळशी’, ‘आरंभशूर’ वगैरे शब्द नकोत. आकडे कसेही असले तरी मी वाट बघते आहे. आणि दवाखान्याला फोन आजच करा.